मौन धनको आणि जुने देणे

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यालयातील जुनी दप्तरे बाहेर काढण्यात आली. लाल कापडात बांधलेल्या पहिल्या दहा वर्षांच्या कीर्दी आणि खतावण्या तपासून संस्थेचा इतिहास लिहावा, असे विश्वस्त मंडळाने ठरविले व ते काम माझ्याकडे आले. देणगीदारांची नावे, भूमिपूजनाचा खर्च, धर्मशाळेच्या पहिल्या चार खोल्यांचे बांधकाम ही सर्व माहिती सहज हाती लागली. तथापि खतावणीच्या अखेरच्या पानांवर ‘अनामत व किरकोळ देणे’ या मथळ्याखाली अकरा नावे आढळली आणि लेखणी तेथेच थांबली. कोणी सुताराने दरवाजांचे काम करून शेवटचा हप्ता नेलेला नाही, कोणी चुनाविटांच्या व्यापाऱ्याच्या बिलातील बाकी राहिली आहे, कोणी साधर्मी बंधूने बांधकाम अडू नये म्हणून बिनव्याजी ठेव दिली व पुढे गावच सोडले. रकमा लहान आहेत. सर्वांत मोठी बाराशे रुपयांची आहे. वर्षानुवर्षे त्या एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरविल्या गेल्या आणि पुढे एका हिशेबनिसांनी हे पान नव्या वहीत उतरविणेच सोडून दिले.

मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन मते पडली. एक मत असे, की मागणारे कोणी नाही, मुदत केव्हाच टळली, कायद्याने हे देणे संपले. तेव्हा या रकमा वटाव खाती टाकाव्यात अथवा देणगी म्हणून जमा दाखवाव्यात. दुसऱ्या मताचे विश्वस्त वयाने ज्येष्ठ होते. ते एवढेच म्हणाले, की ज्याने दिली नाही त्याची देणगी कशी लिहायची? त्या दिवशी निर्णय झाला नाही. परंतु धनको गप्प बसला म्हणजे ऋण फिटते काय, हा प्रश्न आपल्या परंपरेत, शास्त्रांत व राज्यकर्त्यांच्या कायद्यांत यापूर्वी किती वेळा आणि कोणत्या रूपाने उपस्थित झाला, याचा शोध घ्यावासा वाटला. प्रस्तुत लेख त्या शोधातून सिद्ध झाला आहे.

प्रारंभ अर्थातच श्रावकाच्या व्रतांपासून करावयास हवा. अचौर्य अणुव्रताचे विवेचन करताना आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त परक्याच्या धनाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत कोणी ठेवलेले, कोणाचे पडलेले आणि कोणी विसरलेले, असे तीन प्रकार येतात. असे धन स्वतः घेऊ नये आणि उचलून दुसऱ्यासही देऊ नये. हा दुसरा भाग आपल्यासारख्या संस्थांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. विसरलेले धन सत्कार्याला लावले म्हणजे दोष गेला, अशी सोयीची समजूत पुष्कळांची असते. आचार्यांनी ती वाट मुळातच बंद करून ठेवली आहे. आगमांच्या परिभाषेत चोरीला ‘अदत्तादान’, म्हणजे न दिलेले घेणे, असा शब्द आहे. त्यात बळजोरीचा किंवा फसवणुकीचा उल्लेखही नाही. मालकाने दिले किंवा नाही, एवढाच प्रश्न तो शब्द विचारतो.

याहून सूक्ष्म विचार ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात आहे. सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ हा एक आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांच्या सूत्रपाठांत तो येतो. ठेव बुडविणे हा चोरीचा प्रकार. मग तो सत्यव्रताच्या अतिचारांत का घातला, असा प्रश्न अभ्यासकाला पडतो. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त त्याचा उलगडा केला आहे. ठेव ठेवणारा मनुष्य आपण किती ठेवले हे विसरला आणि परत मागताना कमी संख्या सांगू लागला. अशा वेळी ठेव सांभाळणाऱ्याने ‘होय, तितकेच’ अशी नुसती संमती दिली, तर तो न्यासापहार होय. येथे कोणी खोटा कागद केला नाही, मागितलेले नाकारले नाही. मागितले तितके दिले. तरीही धनकोच्या विस्मृतीचा लाभ घेतला म्हणून व्रताला डाग लागला. पेढी चालविणाऱ्या, ठेवी सांभाळणाऱ्या समाजासाठी हे सूत्र किती नेमके आहे, हे व्यापारात आयुष्य घालविलेल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आता राजव्यवहाराकडे वळू. राज्याचा कारभार व्रतांवर चालत नाही, त्याला कोठे तरी सीमा घालावी लागते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त दहा वर्षे उपेक्षिलेले ऋण वसूल करता येत नाही असा दंडक घातला आहे. परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. धनको अज्ञान बालक असेल, वृद्ध असेल, आजारी असेल, संकटात असेल, परदेशी गेला असेल, देशत्याग करून गेला असेल किंवा राज्यातच गोंधळ माजला असेल, तर हा दंडक लागू नाही. ही यादी म्हणजे धनको गप्प का बसतो याच्या कारणांचीच यादी आहे. त्यांतील एकही कारण नसताना, डोळ्यांदेखत सर्व दिसत असूनही जो दहा वर्षे बोलला नाही, त्याच्याच मौनाला कौटिल्य अर्थ देतो.

याज्ञवल्क्य स्मृतीतही हाच विचार आहे. आपल्यासमोर दुसरा आपली भूमी भोगीत आहे हे पाहूनही जो बोलत नाही, त्याची वीस वर्षांनी हानी होते आणि जंगम धनाच्या बाबतीत दहा वर्षांनी, असे ती स्मृती सांगते. परंतु लगेच पुढे गहाण, शिवेच्या सीमा, ठेव, जडबुद्धी मनुष्याचे व बालकाचे धन यांना तिने अपवाद केला आहे. ठेव ही विश्वासाने दिलेली असते. ती मागितली नाही हे उपेक्षेचे लक्षण मानता येत नाही. या वचनावर चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या कल्याण नगरीत बसून विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिताना मोठा वाद घातला आहे. केवळ न बोलल्याने मनुष्याचे स्वामित्व कसे जाईल, असा त्याचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर असे, की हानी होते ती मधल्या काळातील उत्पन्नाची, मूळ वस्तूच्या मालकीची नव्हे. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांचे, आणि बहुतांशी जैन कुटुंबांचेही, वारसाहक्क शतकानुशतके ज्या ग्रंथाच्या आधारे ठरले, त्या ग्रंथाचे हे मत आहे.

धनको सापडतो पण घेत नाही, असाही प्रसंग येतो. व्याज वाढत राहावे म्हणून मुद्दल परत न घेणारे सावकार प्राचीन काळीही असले पाहिजेत; कारण याज्ञवल्क्याने त्यावर तोड सांगितली आहे. देऊ केलेले धन धनको घेत नसेल तर ते मध्यस्थाकडे ठेवावे, त्या दिवसापासून व्याज थांबते. ऋण हप्त्याहप्त्याने फेडताना प्रत्येक हप्ता लेखाच्या पाठीवर लिहावा आणि सर्व फिटल्यावर तो लेख फाडून टाकावा, हीही त्याचीच सूचना.

आणि धनको मरण पावला, त्याला वंशज नाही, तर? नारद स्मृतीने ब्राह्मण धनकोच्या बाबतीत हा प्रश्न शेवटच्या टोकापर्यंत नेला आहे. त्याचे देणे त्याच्या कुळातील लोकांना द्यावे, ते नसतील तर आप्तांना, तेही नसतील तर इतर ब्राह्मणांना; आणि तेही न मिळाल्यास ते धन पाण्यात टाकावे. पाण्यात टाकावे, पण ऋणकोने ठेवून घेऊ नये! आजच्या हिशेबी मनाला हे विचित्र वाटेल. पण ते धन आपले नाही ही जाणीव किती टोकाची होती, ते यातून समजते. अचौर्य व्रताची चर्चा आपण वर पाहिली, तिच्याशी या वचनाचे नाते उघड आहे.

वारस नसलेल्याचे धन राजाने घ्यावे, ही रीत मात्र बहुतेक राज्यांत होती. गुजरातच्या चालुक्यवंशीय कुमारपालाने बाराव्या शतकात, आचार्य हेमचंद्रांच्या प्रभावाखाली, निपुत्रिकाचे धन सरकारजमा करण्याची ती रीत सोडून दिली, ही गोष्ट जैन प्रबंधांनी मोठ्या गौरवाने सांगितली आहे. यशःपाल या मंत्र्याने त्यानंतर लवकरच लिहिलेल्या ‘मोहराजपराजय’ या रूपकात्मक नाटकात त्यावर एक प्रवेशच आहे. कुबेर नावाचा धनाढ्य श्रावक समुद्रप्रवासात नाहीसा झाल्याची वार्ता येते. त्याला पुत्र नाही म्हणून त्याची संपत्ती राजाकडे जाणार. राजा त्याच्या घरी जातो, शोकाकुल मातेला पाहतो आणि त्या धनाचा त्याग करतो. नंतर नाटकात तो कुबेर जिवंत परत येतो. नाटककाराने हे केवळ चमत्कृतीसाठी घातले असेलही, पण गेलेला समजलेला मनुष्य परत येऊ शकतो, ही शक्यता त्याच्या प्रेक्षकांतील दर्यावर्दी व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होती.

येथवर शास्त्रे आणि राजे झाले. परंतु शास्त्र काय म्हणते याहून साधा व्यापारी प्रत्यक्षात काय करीत होता हे अधिक महत्त्वाचे. आणि त्याचे उत्तर देणारा एक अनमोल ग्रंथ सुदैवाने जैन साहित्यातच आहे. कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ हे ते आत्मचरित्र होय. बनारसीदासांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. ‘समयसार नाटक’ रचणारे अध्यात्मकवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आग्र्यात त्यांनी आपल्या आयुष्याची जी कहाणी पद्यात लिहिली, तिच्यात नफा-तोटा, उधारी, भागीदारी आणि फजिती यांचेच वर्णन अधिक आहे. मनुष्याच्या एकशे दहा वर्षांच्या आयुर्मर्यादेची कल्पना धरून, पंचावन्न वर्षे म्हणजे अर्धे आयुष्य, म्हणून ‘अर्धकथानक’ हे नाव. हा ग्रंथ आधुनिक वाचकांपुढे आणण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे: पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये त्याची संपादित आवृत्ती आपल्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे मुंबईतून प्रसिद्ध केली.

तरुण बनारसीदासांना पित्याने जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्यास पाठविले. आग्र्यात सारे उलटे झाले. माल तोट्यात विकला गेला. नाडीत बांधलेली रत्ने गळून पडली. कापडात गुंडाळून ठेवलेली माणके उंदराने पळविली. हाती काही उरले नाही. घरातील वस्तू विकून खाता खाता बाजारात जाण्याचेही त्यांनी सोडले. रात्री ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा गाऊन वाचीत, दहावीस माणसे ऐकायला येत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या घेऊ लागले. काही काळाने त्यांना स्वतःलाच संकोच वाटला आणि एकांतात गाठून त्यांनी त्याला सांगितले, की तुझी उधारी फार झाली, आता मला देऊ नकोस, मजजवळ काही नाही. कचोरीवाल्याचे उत्तर असे, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुला कोणी काही बोलणार नाही.

असे सहा-सात महिने गेले. पुढे सासरकडील एका आप्ताने त्यांना आपल्या घरी नेले, धर्मदास नावाच्या तरुणाबरोबर भागीदारी जमली, जवाहिराचा धंदा पुन्हा सुरू झाला आणि पैसा हाती येताच बनारसीदासांनी कचोरीवाल्याचा हिशेब चुकता केला. रक्कम होती चौदा रुपये. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या चौदा रुपयांवरून त्या काळच्या महागाईचा अंदाज बांधला आहे. आपल्याला त्यात वेगळेच काही दिसते. हा धनको मौन होता. त्याने कधीही तगादा लावला नाही. किंबहुना मर्यादा वाढवून दिली. लेख नव्हता, साक्षी नव्हता, राजदरबारात जाण्याची शक्यता नव्हती. तरीही उधारी वाढत आहे हे आधी ऋणकोनेच धनकोला सांगितले आणि पैसे येताच स्वतःहून जाऊन दिले. कवीने या प्रसंगावर एकही उपदेशपर शब्द खर्च केलेला नाही. तीस वर्षांनंतरही त्याला रक्कम पाठ होती, इतकेच.

याच ग्रंथातील दुसरा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो, कारण तेथे मौन आहे ते श्रीमंताचे. बनारसीदास आणि त्यांचे मित्र नरोत्तमदास हे सबलसिंह मोठिया या आग्र्याच्या धनिकाच्या भांडवलावर पूर्वेकडे व्यापार करीत होते. तो व्यवहार आटोपून हिशेब देण्यासाठी बनारसीदास आग्र्यास परतले. आता हिशेब करावा आणि मोकळे व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. पण सबलसिंहाच्या हवेलीत गाणे-बजावणे, नर्तक, भाट यांची गर्दी. एखाद्या राजाच्या दरबारासारखा थाट. हिशेबाचे नाव काढले की उद्या पाहू. उद्याचा परवा होई. असे कितीतरी महिने लोटले. रोज कागद घेऊन जायचे आणि रोज परत यायचे. श्रीमंताला वेळ मोजण्याची गरज नसते, आणि ज्याला हिशेब द्यायचा आहे तो मात्र प्रत्येक दिवस मोजीत बसतो. अखेरीस अंगासाह या स्नेह्याने, ज्यांचे सबलसिंहाशी नाते होते, मध्ये पडून कागद पुढे केले, हिशेब संपल्याचा लेख झाला, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि बनारसीदास सुटले. ज्याला आपले वाडवडील ‘फारखती’ म्हणत, तोच हा कागद.

पुष्कळांना वाटते की धनको विचारीत नाही म्हणजे ऋणकोची चांदी. परंतु येथे ऋणको दारात ताटकळत आहे, त्याला सुटका हवी आहे, आणि धनकोच्या दुर्लक्षानेच तो बांधला गेला आहे. उद्या सबलसिंह मेला असता आणि त्याच्या वारसांनी जुनी वही उघडली असती तर काय झाले असते, या भीतीपोटीच तो व्यापारी महिनोन्‌महिने खेपा घालीत असणार. याज्ञवल्क्याने सुचविलेला मध्यस्थ येथे अंगासाहच्या रूपाने आला, असेही म्हणता येईल. फक्त त्याने धन ठेवून घेतले नाही, सही मिळवून दिली.

आता एका अप्रिय अध्यायाकडे वळणे भाग आहे. स्मरणिकेत समाजाचा गौरवच असावा असा संकेत असतो; पण देण्याघेण्याच्या इतिहासात दक्षिणेतील १८७५ चे दंगे वगळले तर तो इतिहास अर्धवट राहील. इंग्रजी अमलात १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात लेखी कर्जाच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत होती. नव्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा, की जुनी कर्जे उकरून काढून कुणब्याला छळू नये. परिणाम उलट झाला. तीन वर्षे गप्प बसलेल्या सावकाराचे पैसे बुडणार. म्हणून गप्प बसणे हेच सावकाराला परवडेनासे झाले. दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून, नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. वाडवडिलांच्या काळी पीक चांगले येईपर्यंत थांबणारा सावकार आता कायद्याच्या भीतीने तगादा लावू लागला. अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला नव्या खतात काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि जुने खत फाडले जाईलच याची हमी नव्हती. त्यात अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, सरकारने सारा वाढविला, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत असंतोष पेटला.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली. पुढील काही दिवसांत हे लोण अनेक गावांत पसरले. चौकशी आयोगाने नमूद केले, की जमावाचा रोख मुख्यतः खते, हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या यांवर होता. कागद हाती दिले तेथे माणसांना सहसा इजा झाली नाही. लोक माणसांवर नव्हे, कागदांवर तुटून पडले. ज्यांची खते जळाली ते सावकार मुख्यतः मारवाडी व गुजर होते आणि त्यांत आपल्या धर्माचे लोकही होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सर्वच सावकार कपटी होते असे मुळीच नव्हे. पण ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे हाही सत्यव्रताचाच एक अतिचार आहे, आणि तोही न्यासापहाराच्या शेजारीच त्याच सूत्रात सांगितलेला आहे. आपण एका अतिचाराची आठवण ठेवून दुसरा विसरलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात मुदत पुन्हा वाढविली, नोंदणी नसलेल्या व्यवहारांना सहा वर्षे आणि नोंदलेल्यांना बारा वर्षे. म्हणजे धनकोला थोडे मौन बाळगण्याची मुभा दिल्याने ऋणकोचे हित साधते, हे सरकारला वीस वर्षांच्या अनुभवाने पटले. पैसे भरल्याची लेखी पावती देणे आणि मागितल्यास वार्षिक हिशेब देणे हेही सावकारावर बंधनकारक झाले. याज्ञवल्क्याचा ‘लेखाच्या पाठीवर लिही’ हा दंडक नव्या वेषात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या बैठकीतील ‘कायद्याने देणे संपले’ या वाक्याविषयी. हे वाक्य व्यापारी मंडळींच्या तोंडी सर्रास असते. परंतु ते बरोबर नाही. आज लागू असलेल्या १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, हे खरे. पण मुदत टळल्याने धनकोचा न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात डिसेंबर १९५७ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. ते प्रकरणही मौन धनकोंचेच होते. मुंबईच्या गिरण्यांतील ज्या कामगारांनी आपले वेतन नेले नाही, त्यांच्या रकमा गिरण्यांच्या वह्यांत साठत होत्या. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने त्या रकमा कल्याण मंडळाकडे वळविल्या. गाव सोडून गेलेला, आजारी पडलेला, आपले काही येणे आहे हे ठाऊक नसलेला गिरणीकामगार हा तो धनको. कामगाराचे येणे मुदत टळूनही कायम राहते, असे न्यायालयाने म्हटले आणि न नेलेल्या वेतनाविषयीची ती तरतूद त्या स्वरूपात टिकू शकली नाही. कोणाचे चांगले करण्यासाठी का होईना, पण ज्याचे त्याला सोडून तिसऱ्याला देताना किती विचार करावा लागतो, ते या निकालावरून दिसते. १८७२ च्या करार कायद्यातही एक लहानसे पोटकलम आहे: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन दिले, तर नवा मोबदला नसतानाही ते वचन बंधनकारक ठरते. शून्यातून वचन बंधनकारक होत नाही, असे मानणाऱ्या कायद्याने येथे मात्र जुन्या ऋणाला जिवंत मानले आहे.

बँकांच्या बाबतीत अलीकडे जी व्यवस्था झाली तीही ध्यानात घ्यावी. दहा वर्षे ज्या खात्यात काही व्यवहार झाला नाही, त्यातील रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. पण ठेवीदार किंवा त्याचा वारस पुढे केव्हाही आला तरी त्याला ती बँकेकडून परत मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू केले. कौटिल्याचीही दहा वर्षे आणि रिझर्व्ह बँकेचीही दहा वर्षे, हा योगायोगच. फरक इतकाच, की बँकेने मालकी मुळीच संपविली नाही. विज्ञानेश्वराला हे मान्य झाले असते.

हे सर्व टिपण मी पुढील बैठकीत मंडळापुढे ठेवले. वटाव खात्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. सरचिटणीसांनी जुन्या पत्त्यांवर पत्रे पाठविली, ज्यांचे पत्ते नव्हते त्यांच्याविषयी मंदिराच्या फलकावर सूचना लावली आणि गावातील वृद्धांकडे चौकशी केली. अकरांपैकी चौघांचा तपास लागला. सुतार हयात नाहीत. त्यांच्या मुलाने पैसे घेतले आणि पावतीवर सही केली. त्याला आपल्या वडिलांनी या धर्मशाळेचे दरवाजे केले हे ठाऊक नव्हते; तो दरवाजे पाहून गेला. चुनाविटांच्या व्यापाऱ्याच्या दोन नातवांनी आपापला अर्धा हिस्सा घेतला. तिसऱ्या एका कुटुंबाने रक्कम जीर्णोद्धारास लावावी असे लेखी कळविले. ती त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्राच्या तारखेने, देणगी म्हणून जमा केली. चौथे, ती बिनव्याजी ठेव देणारे साधर्मी बंधू, परगावी आपल्या मुलीकडे राहतात. वय शहाऐंशी. त्यांनी दूरध्वनीवर विचारले, की तुम्हाला आठवले कसे? आणि मग म्हणाले, की मी मुद्दामच मागितले नव्हते, पण तुम्ही विसरला असाल असे वाटत होते. त्यांनी पैसे मागविले, आम्ही पाठविले.

उरलेली सात नावे यंदाच्या चैत्र पाडव्याला नव्या खतावणीत, पूर्वीच्या पान क्रमांकासह, पुन्हा उतरविली आहेत. वाचकांपैकी कोणास आपल्या घरातील कोणी या बांधकामाला हातभार लावला होता असे स्मरत असल्यास त्यांनी कार्यालयात येऊन ते पान पाहावे.